शिखराविना गिर्यारोहण
बिदरच्या पठारावर चढायला शिखर नाही. सारी लाल जांभ्याची सपाटी. म्हणून इथला हौशी तरुण ‘एकट्याने, शिखरावर, मुक्कामी’ जायला थेट कळसूबाई गाठतो. उंची १६४६ मीटर, एकांत शून्य. शनिवारी रात्री लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते आणि पुढच्याच्या बुटाचा तळवा हेच काय ते निसर्गदर्शन. तेवढ्यात लिंबू-सरबताचं सामान डोक्यावर घेतलेली गावची बाई साध्या चपलेत पुढे निघून जाते. तिला साहसी कोण म्हणणार? इकडे बिदरला झरणी नरसिंहाच्या भुयारात आज्या वर्षानुवर्षे छातीभर पाण्यातून, वटवाघळांखालून, नातवाला खांद्यावर घेऊन जात आल्या. पाठीवर सॅक नाही, कपाळाला दिवा नाही. दर्शन झालं की ओल्या लुगड्यानं थेट चहाच्या टपरीवर.