एक 'जी' मागे

आम्हां भडगावकरांचा तंत्रज्ञानावर पूर्ण विश्वास आहे. अविश्वास आहे तो तारखेवर. याचं मूळ गिरणामाईत. तिच्यावर सात बलून बंधारे व्हायचेत, त्यातला एक आमच्या भडगावचा. रबराचा फुगा, हवा भरली की पाणी अडणार, पूर आला की हवा सोडून द्यायची. कल्पना इतकी देखणी की सभेत नुसती ऐकली तरी तहान भागते. बहुधा म्हणूनच ती सभेत सांगतात. फुग्याची वाट बघण्यात तयार झालेल्या माणसाला कुणी "दिवाळीला नवीन नेटवर्क येऊन राहिलंय" म्हणालं, तर तो शांतपणे विचारतो, "कोणत्या सालच्या?"

पण वाट बघायला लावण्याचा मक्ता काही आपल्याकडंच नाही. थ्री जी जगात सगळ्यांत आधी बाजारात आणलं जपानच्या डोकोमो कंपनीनं. तारीख दिली होती मे २००१ ची. मे उजाडला तेव्हा "अजून थोडी चाचणी" म्हणून निवडक गिऱ्हाइकांच्या हाती फोन ठेवले आणि खरी सेवा सुरू केली १ ऑक्टोबरला. जिथं आगगाडी मिनिटभर लेट झाली तरी माफी मागतात, तिथं चार महिने! हे वाचल्यापासून कजगाव स्टेशनावर गाडीची वाट बघताना मला जपानी माणसाइतकंच सुधारल्यासारखं वाटतं. ब्रिटननं तर २००० साली थ्री जीच्या लहरींचा लिलाव करून बावीस अब्ज पौंडांच्या वर रक्कम खिशात टाकली, आणि तिथल्या 'थ्री' नावाच्या कंपनीनं सेवेचा मुहूर्त काढला तो ३ मार्च २००३ चा. तीन-तीन-तीन. आमच्या भटजींनाही हे सुचलं नसतं.

बीएसएनएलची गोष्ट मात्र खरोखर चटका लावणारी. थ्री जी तिला खासगीवाल्यांच्या आधी मिळालं होतं. फेब्रुवारी २००९ मध्ये चेन्नईत सुरूही झालं. खासगी कंपन्यांचा लिलाव त्यानंतर वर्षभरानं, २०१० मध्ये. पुढं फोर जी आलं. एअरटेलनं एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात लावलं, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओनं तर फुकटच वाटलं. बीएसएनएलला लहरी द्यायचं केंद्रानं ठरवलं २०१९ मध्ये. २०२० मध्ये निविदा निघाली, तेवढ्यात गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली, चिनी सामान नको म्हणून निविदा रद्द. मग सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांनी मिळून सामान इथंच बनवायचं ठरलं. आणि २७ सप्टेंबर २०२५ ला, ऐन नवरात्रात, पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुड्याहून देशभरात साडेसत्त्याण्णव हजारांहून जास्त टॉवर चालू केले. तोवर दिल्लीत फाइव्ह जीचा नारळ फुटून तीन वर्षं होत आली होती.

यावर हसायला सोपं आहे, पण मी मनापासून हसू शकत नाही. टॉवरच्या पेटीतलं सामान स्वतः बनवणारे देश हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच, आणि आपण त्यांच्या पंगतीला बसलो ही गोष्ट लहान नाही. आमच्या नानांना मी हे समजावून पाहिलं. नाना म्हणाले, "बसलो ना? मंग वाढा म्हणा आता."

खरी गंमत फोनवाल्यांची. भारतात फाइव्ह जीचा पहिला हँडसेट विकायला आला फेब्रुवारी २०२० मध्ये. त्या लहरींचा लिलाव आटोपला १ ऑगस्ट २०२२ ला. घोडा दारात उभा, नवरदेव यायचाय अडीच वर्षांनी! तरी लोकांनी घोडे घेतले. स्टँडाजवळच्या दुकानात पोरगा छातीठोक सांगायचा, "भाऊ, फ्युचर प्रूफ आहे." घेणाऱ्याचा हप्ता मात्र चालू वर्तमानकाळातच कापला जायचा. मी निरीक्षण करून आहे: आमच्या हातातला फोन कायम एक 'जी' पुढं असतो आणि डोक्यावरचा टॉवर एक 'जी' मागं. मधली जागा आम्ही रिचार्ज करून भरतो.

गेल्या हिवाळ्यात नानांच्या मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकलेली, कळण्याच्या भाकरी यायच्या होत्या. तेवढ्यात पुतण्याला आठवलं की हरभऱ्याची ई-पीक पाहणी राहिलीय. पूर्वी पाहणी तलाठी आप्पा करायचे. आता आपल्या पिकाला आपणच साक्षीदार. गट नंबर टाकला, पीक निवडलं, फोटो काढला. पुढं गोल फिरायला लागलं. कोपऱ्यात 'फाइव्ह जी' लिहिलेलं, दोन काड्याही दिसत होत्या, आणि गोल फिरतंय. पोरगा बांधावर गेला, तिथून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, मग निंबाच्या दुबेळक्यात. हरभरा समोर वीतभर उभा, सरकारला मात्र तो अजून उगवलेला दिसत नव्हता. वरून पोरगा ओरडला, "काका, एक काडी अजून आली!" खाली वांगी उलटवणारा गडी म्हणाला, "इकडं टाक, जाळ कमी पडून राहिला."

नाना तेवढा वेळ आपल्या बटणांच्या फोनवर पाचोऱ्याच्या व्याह्यांशी आरामात बोलत होते. त्यांचं टू जी कधी कुणी येणार म्हणून जाहीर केलं नाही, त्यामुळं ते उशिरा येण्याचा प्रश्नच आला नसावा.

पोरगा खाली उतरला तो खरचटलेल्या कोपरानं, पण नवी बातमी घेऊन. निंबावर असताना ई-पीक गेलं नव्हतं, कुठलीशी सूचना मात्र फोनवर येऊन पडली होती. "नाना, सिक्स जी येऊन राहिलंय. दिल्लीत मार्च तेवीसलाच कागद निघालाय. दोन हजार तीसला!"

नानांनी वांग्याची साल काढता काढता मान वर केली. "तीसला? सकाळी का दुपारून?"

"नाना, नुसतं साल सांगितलंय."

"मंग मिरच्या ठेच," नाना म्हणाले, "भरीत गार होऊन राहिलं."