पाणी मोजणाऱ्या म्याडम

गळ्यात ओळखपत्र आलं की मान ताठ होते, आणि ताठ मानेनं विहिरीत वाकता येत नाही. उमरगा तालुक्यात पाणलोटाच्या कामांवर देखरेख करायला लागलेल्या प्रस्तुत लेखिकेची पहिली तांत्रिक अडचण ही. ओळखपत्रावर ‘प्रशिक्षणार्थी’ हा शब्द बारीक टायपात होता आणि फोटो चांगला ठसठशीत होता. फोटो दिसेल पण शब्द वाचता येणार नाही, इतक्या अंतरावर उभं राहून बोलण्याची कला तिनं फार लवकर साधली. भूशास्त्रातल्या एम.एस्सी.पेक्षा ही कला पुढे जास्त उपयोगी पडली.

नेमणूक होती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली. २०२४ साली निघालेली ही योजना: बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला आठ आणि पदवीधराला दहा. ‘लाडकी बहीण’च्या पाठीला पाठ लावून आली म्हणून लोकांनी तिचं नाव ‘लाडका भाऊ’ ठेवलं. कार्यालयातल्या वडीलधाऱ्या लिपिकांनी ते नाव स्त्री-पुरुष असा भेद न करता वापरलं. “लाडका भाऊ, एवढी फाईल पंचायत समितीत देऊन ये गं,” हे वाक्य मराठी व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, पण उमरग्यात ते बिनबोभाट चालायचं. लेखिका फाईल द्यायची आणि परतताना मैत्रिणींसाठी स्टेटस टाकायची: ‘फील्डवर.’

फील्डसाठी तिनं पुण्याहून रुंद काठाची टोपी आणली होती. ती पाहून पहिल्याच गावात एकानं विचारलं, “ड्रोन घिऊन आलाव का?” नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा जो पडला तो पडलाच.

तर काम असं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. शिवाय २०२२ पासून ‘जलदूत’ नावाचं ॲप आहे. गावातल्या दोन-तीन विहिरी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजायच्या आणि आकडे त्यात भरायचे. लेखिका असल्या कामांत मदतनीस. टेप धरणं, वाकणं, आकडा ओरडून सांगणं. टेपच्या टोकाला पितळेचं वजन असतं आणि त्याचा तळ वाटीसारखा खोलगट असतो. वजन पाण्याला टेकलं की खालून ‘डुब्’ असा आवाज येतो. मग टेप एखादा सेंटिमीटर वर घ्यायची, पुन्हा सोडायची, पुन्हा ‘डुब्’. कठड्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका असतो. दरवेळी तिथूनच मोजायचं आणि कठड्याची उंची वजा करायची. हा ‘डुब्’ ऐकताना लेखिकेच्या चेहऱ्यावर नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्याचे भाव यायचे, असं तिच्याच एका सेल्फीवरून दिसतं.

एका विहिरीवर एक आजोबा होते. टेप सोडण्याआधीच त्यांनी खडा टाकला, कान दिला आणि जाहीर केलं, “तीस फुटाव हाय.” अशा गोष्टीत पुढे काय होतं हे वाचकाला ठाऊक आहे: टेप तीस फूट दाखवते, शिकलेली मुलगी खजील होते आणि अनुभवाचा विजय होतो. इथं टेपनं ११.४ मीटर दाखवले. म्हणजे साडेसदतीस फूट. आजोबा साडेसात फुटांनी चुकले होते. लेखिकेला झालेला आनंद तिच्या संस्कारांत बसणारा नव्हता. तिनं मीटरचे फूट करून, मोबाइलवरचा हिशेब त्यांच्यासमोर धरला. आजोबांनी तो बघितला न बघितला केला. “टेप नवी हाय तुजी,” ते म्हणाले, “अजून ताणली नसंल.”

खरी अडचण आजोबांची नव्हतीच, लाईटची होती. पातळी मोजायची तर विहीर निवांत हवी, काही तास मोटार बंद हवी. आणि शेतीला लाईट येते ती पाळीनं, तुकड्यातुकड्यानं, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. आलेली लाईट सोडून मोटार बंद ठेवा, असं मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यामुळे भूजलाचं शास्त्र महावितरणच्या वेळापत्रकाला टांगलेलं असतं, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

आता पर्जन्यमापकाबद्दल थोडं. थोडं असं म्हणायची पद्धत आहे. ह्या विषयावर लेखिकेला थांबवणं कार्यालयातल्या कुणालाच जमलेलं नाही. जुना पर्जन्यमापक म्हणजे एक नरसाळं, खाली बाटली आणि काचेचं मोजपात्र. सकाळी साडेआठला बाटली उपसायची आणि कालपासूनचा पाऊस वाचायचा. यंत्र मोकळ्यावर हवं. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर. आता ‘महावेध’ प्रकल्पातली स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळांत उभी आहेत. स्वयंचलित यंत्रात बहुधा नरसाळ्याखाली दोन कप्प्यांची एक चिमुकली तरफ असते. एक कप्पा भरला की खाली झुकतो, सांडतो आणि दुसरा वर येतो. प्रत्येक झुकणं म्हणजे मिलिमीटरचा एक ठरावीक अंश. लेखिकेनं एकदा असं यंत्र उघडलेलं पाहिलं आणि दुपारचं जेवण विसरली.

पण ह्या नाजूक तरफेवर काय काय तोललेलं असतं! चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की मंडळात अतिवृष्टी. अतिवृष्टी झाली की पंचनाम्याची चर्चा, भरपाईची आशा. मंडळात गावं पुष्कळ आणि मापक बहुधा एक. ढग महसुली नकाशा बघून बरसत नाहीत. एका शिवारात सोयाबीन तरंगतं आणि मापकाजवळ धूळही बसत नाही. म्हणून पावसाच्या सकाळी लेखिकेला “कशी हाईस” असं कुणी विचारत नाही. विचारतात, “पासष्ट झाला का?” चहावाला विचारतो, कंडक्टर विचारतो, ज्यांच्या घरी ती भाड्यानं राहते त्या काकू दात घासता घासता विचारतात. मापक वाचण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे ती कुणालाच सांगत नाही. डोळे बारीक करून “बघावं लागेल” म्हणते. आयुष्यात इतकं महत्त्व तिला पूर्वी मिळालं नव्हतं आणि पुढे मिळेल असं दिसत नाही.

एक मिलिमीटर म्हणजे नेमकं किती? एका एकरावर साधारण चार हजार लिटर. ६५ मिलिमीटर म्हणजे एकरी अडीच लाख लिटरांहून जास्त. लेखिका हा हिशेब पारावर फार रंगून सांगते. एका संध्याकाळी एका गृहस्थांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, “आन् नरसाळ्यात चिमणीनं घरटं केलं तर?” प्रश्न शास्त्रीय होता. नरसाळी खरोखरच पाल्यानं, जाळ्यांनी, घरट्यांनी तुंबतात. एक चिमणी आणि एका अख्ख्या मंडळाची भरपाई ह्यांचा संबंध लावत लेखिका रात्री उशिरापर्यंत जागी राहिली. (विषयांतर संपलं. खरं तर बर्फ आणि गारा मोजण्याबद्दलही बोलायचं होतं.)

पावसाचा आकडा असा जपणारी ही माणसं आणि त्यांचं सरकार बंधाऱ्याच्या बाबतीत मात्र वेगळंच वागतात. समतल चर, माती नालाबांध, सिमेंट बंधारा, काहीही असो, त्याचे अक्षांश-रेखांशासह तीन फोटो लागतात: कामाआधीचा, काम चालू असतानाचा, काम झाल्यानंतरचा. तिसऱ्या फोटोत सगळे उभे असतात. पाऊस पडून गेल्यावर त्या बंधाऱ्यात पाणी किती दिवस टिकलं, शेजारच्या विहिरीची पातळी हलली का, गाळ किती बसला, ह्याचा चौथा फोटो कुणी मागत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर २०२० साली कॅगचा अहवाल आला. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढवण्यात त्याचा फारसा उपयोग झाला नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर राजकीय धुरळा उडायचा तो उडाला. लेखिकेला राग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. पाणी अडवणाऱ्याला नारळ आहे, फीत आहे, कोनशिला आहे. आणि ते मोजायला सहा महिन्यांसाठी एक लाडका भाऊ. पुढे मुदत वाढून अकरा महिने झाली, ती गोष्ट वेगळी. बंधाऱ्याचं आयुष्य अकरा महिन्यांहून जास्त असावं अशी अपेक्षा असते.

बोअरच्या नोंदणीचा एक तक्ता होता. खोली, व्यास, केसिंग, चालू की बंद, शेरा. एका ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या मावशींना लेखिकेनं तो वाचून दाखवला. चार बोअर, चारही बंद. खोली विचारली तर मावशी फूट सांगेनात. “पयला माज्या पाटल्यांचा,” त्या म्हणाल्या. “दुसरा बैलजोडीचा. तिसरा सोसायटीचा. चवथा लेकीच्या लग्नाला ठिवलेल्या पैशाचा. त्याला पाचशे फुटाव जरा वल लागली, मग नुसता फुपाटा.” हातातली शेंग त्यांनी फोडली, दाणे सुपात टाकले आणि टरफल बाजूला. तक्त्यात पाटल्यांचा रकाना नव्हता. लेखिकेनं ‘शेरा’खाली पाटल्या, बैल, सोसायटी, लग्न असं क्रमानं लिहिलं. कार्यालयात तो कागद परत आला; शेऱ्यात फक्त ‘कोरडा’ लिहावं अशी सूचना होती. तिनं तसं लिहिलं. चार वेळा.

कायद्याचं म्हणाल तर २००९ चा महाराष्ट्राचा भूजल अधिनियम शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे जेमतेम दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई करतो. आणि कातळाचं म्हणाल तर १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी इथून जवळच किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक पाडून पाहिलं. वरचे ३३८ मीटर बेसाल्ट, मग गाळाचा पातळ थर, त्याखाली अतिप्राचीन खडक. म्हणजे अकराशे फूट नुसता काळा पाषाण. पाणी असतं ते बहुतेक वरच्या मुरमात आणि भेगांत. ही माहिती लेखिका पूर्वी तोऱ्यात सांगायची. मावशींच्या ओसरीवर ती तिच्या तोंडून निघाली नाही. बोअरची गाडी येण्याआधी ती कुणीतरी सांगायला हवी होती, आणि त्या वेळी गावात आला होता तो फक्त एजंट.

उमरग्याच्या शिवारातलं सगळ्यात भारी ठिकाण मात्र नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. ह्या तालुक्यातलं काही पाणी तेरणेला जातं, तेरणेतून मांजरेला आणि मांजरेतून गोदावरीला. काही पाणी बेनीतुऱ्यात उतरतं, तिथून कागिणा, भीमा आणि कृष्णा. दोन्ही नद्या शेवटी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतात, पण त्याआधी शेकडो किलोमीटर एकमेकींचं तोंड बघत नाहीत. ही जलविभाजक रेषा संगणकावर लालभडक दिसते. लेखिका एका रविवारी ती शोधायला हट्टानं निघाली, आणि जीपीएसनं तिला तुरीच्या एका वावरातल्या बांधावर आणून उभं केलं. बांधाच्या दोन्ही बाजूंना दोन सख्खे भाऊ होते आणि मधला बांध वीस वर्षं कोर्टात होता.

तिनं टोपी सारखी केली आणि दोघांना समजावलं की ह्या बाजूला पडलेला थेंब गोदावरीचा, त्या बाजूचा कृष्णेचा. तुम्ही भांडता ती जागा साधीसुधी नाही. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ साली बच्छावत लवाद बसला, निवाडा १९७३ ला आला, २००४ ला दुसरा लवाद बसला, तरी राज्यांचं भांडण मिटलेलं नाही. त्या मानानं तुमची वीस वर्षं काहीच नाहीत.

“म्हंजी ह्याचं पाणी कृष्णेचं,” थोरला विचार करून म्हणाला, “मग माज्या गोदावरीतनं ह्यानं पाईप कसा काय नेला?”

“तवा दादा हयात हुते, त्यांनी नेला,” धाकटा म्हणाला. “म्याडम, ही तुमची रेघ कोर्टात चालंल का?”

हा प्रश्न जलशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे, असं लेखिकेनं सांगितलं. तेवढ्यात थोरल्याच्या घरून चहा आला आणि तो धाकट्यालाही मिळाला. चहा संपल्यावर पोरानं कप विसळून पाणी बांधावर फेकलं. ते अंमळ धाकट्याच्या अंगाला गेलं की थोरल्याच्या, ह्यावरून दोघांची पुन्हा जुंपली. दोघंही निकालासाठी म्याडमकडे बघू लागले, तेव्हा म्याडमनी जीपीएस पिशवीत टाकलं, हायवे गाठला आणि सोलापूरकडनं येणाऱ्या पहिल्या एसटीला हात केला.