वेताळ इथं निळा असतो

स्टॉकहोम
रविवार, रात्री

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,


मेतकूट आणि लसणीची चटणी पोचली. डबा वाटेत कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलेला दिसतो. चटणीचा वास घेतल्यावर पुढची चौकशी करायची हिंमत झाली नसावी.

पत्राचं खरं कारण वेगळं आहे. दादा, आपला वेताळ, कॉमिक्समधला फँटम, जिवंत आहे! इंद्रजाल कॉमिक्स १९९० साली बंद पडलं आणि आपण धरून चाललो की संपला. कसला संपतोय! इथं त्याला ‘फान्तोमेन’ म्हणतात आणि १९५० पासून त्याचे अंक निघताहेत. नुसती भाषांतरं नाहीत, या लोकांनी स्वतःच्या नव्या गोष्टीही रचल्यात.

खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. इथल्या रीतीप्रमाणं लिफ्टमध्ये भेटलो की आम्ही दोघंही आपापल्या बुटांकडं बघतो. परवा त्यांच्या हातात तो अंक दिसला आणि माझ्या तोंडून ‘अरे, वेताळ!’ निघून गेलं. आजोबा जे बोलायला लागले ते अजून थांबलेले नाहीत. तळघरात त्यांनी जुन्या अंकांची कपाटं भरून ठेवलीत. रोज एक गठ्ठा वर येतो आणि सौ.चा एकच प्रश्न असतो, ‘आता या वयात?’

पहिला धक्का कपड्यांचा. वेताळ चक्क निळा! आपला जांभळा होता, असं मी सांगितलं तर आजोबांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल शंका उमटली. शोधलं तर इटलीत तो तांबडा. ली फॉकनं १९३६ साली वेताळ निर्माण केला तेव्हा त्याच्या मनात करडा होता, आणि १९३९ साली रविवारच्या रंगीत पानात तो जांभळा छापला गेला. म्हणजे बघ, दाट जंगलात लपून राहणारा माणूस, पण त्याला हिरवा रंग द्यायचं कुणाला सुचलं नाही.

भाषा मला अजून अर्धीमुर्धीच कळते, पण त्याची मला सवय आहे. तू आपले अंक दाभणानं शिवून बाड केलं होतंस, तेव्हा प्रत्येक पानावरची घडीकडची अक्षरं शिवणीत गेली होती. वेताळाची डायना काय म्हणाली, जादूगार मॅन्ड्रेकनं कुणाला काय केलं, हे तू अंदाजानं सांगायचास आणि मी खरं मानायचो. आता मूळ गोष्टी वाचून वाटतं, तुझेच संवाद बरे होते.

लहानपणी आपल्याला हवी होती ती वेताळाची कवटीची अंगठी, ठोसा मारला की गुंडाच्या गालावर शिक्का उठवणारी. सोडावॉटरच्या बाटलीचं बूच मुठीत धरून तू माझ्या गालावर उठवलेला शिक्का माझ्या मुंजीच्या फोटोतसुद्धा दिसतो. आता मात्र लक्ष जातं ते वेताळाच्या घरच्या कारभाराकडं. १५३६ साली चाचे बापाला मारतात, पोरगा परमुलखाच्या किनाऱ्याला लागतो आणि तिथंच राहतो. पुढं २१ पिढ्या तिथंच. मुलगा जरा मोठा झाला की शिकायला परदेशात. शिकून झालं की परत ये आणि घरचं सांभाळ! दादा, हे तर सरळसरळ परदेशस्थ कुटुंब आहे. आमचा इथं राहण्याचा परवाना संपत आला की आम्ही कागद जमवत सुटतो. त्यांना ४०० वर्षांत कुणी पासपोर्ट विचारला नाही.

गोरे होते, त्याचा उपयोग झाला असणार. लहानपणी हे आपल्या डोक्यातही आलं नाही. जंगलातल्या टोळीचा म्होरक्या गुर्रन, त्याची माणसं विषारी बाण घेऊन पहाऱ्यावर आणि कवटीच्या सिंहासनावर कायम बाहेरून आलेला. २१ पिढ्यांत एकदाही गुर्रनच्या घराण्याचा नंबर लागला नाही. मूळ गोष्टीत चाच्यांच्या टोळीचं नाव सिंग होतं. आपल्याकडं कुणाला टोचू नये म्हणून इंद्रजालनं ते बदललं, वेताळाच्या बंगाला देशाचं डेंकाली केलं. गुर्रनला काय टोचत असेल याचा विचार व्हायचा राहून गेला.

आणि वेताळ मरतच नाही म्हणतात, ते अमरत्व! बाप गेला की मुलगा तसेच कपडे चढवतो आणि घरचे तोंड उघडत नाहीत, एवढंच. तुझे शर्ट मला आणि माझे बंडूला यायचे, तेव्हा मास्तरांनाही वाटत असेल की एकच पोरगं वर्षानुवर्षं नापास होतंय.

वहिनी, तुमच्यासाठी खास बातमी: डायनाशी वेताळाचं जमलं ते १९३६ साली आणि लग्न झालं १९७७ साली. ४१ वर्षं! तिच्या आईची काय चूक? मुलगी संयुक्त राष्ट्रसंघात नोकरीला, मुलगा गुहेत राहतो, घरी लांडगा पाळलाय आणि तोंड कुणाला दाखवत नाही. तुमच्यासमोर असं स्थळ आलं असतं तर तुम्ही पत्रिकासुद्धा मागवली नसती.

आता कामाचं. माळ्यावरची ट्रंक रद्दीत घालू नकोस. नाताळात चि. अमेय येतोय, त्याच्याबरोबर ते बाड पाठव. फराळ थोडा कमी आला तरी चालेल (चिवडा सोडून). आजोबांना जांभळा वेताळ पुराव्यानिशी दाखवायचा आहे. थोरला म्हणून ट्रंकेवर तुझा हक्क, हे मला मान्य आहे. मी उसनं मागतोय.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू

ता. क. ट्रंकेच्या वारसाबद्दल आमच्या कन्येची हरकत आहे. वेताळाला जुळी झाली, किट आणि हेलॉइज, मग गादी किटलाच का, असं तिनं आजोबांना विचारलं. त्यांनी तळघरातून शोधून दाखवलं की सतराव्या वेताळाच्या जागी त्याच्या बहिणीनं काही काळ काम पाहिलं होतं. तेव्हापासून ती अमेयदादाच्या येण्याची वाट बघतेय. त्याला सांग, बाड हातात देण्याआधी तिच्याकडून पावती लिहून घे.