तिकिटाचा भाव कसा काढावा

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार पक्षाचे मतदारच निवडतात आणि तो कोण असेल यावर लोक उघड बाजारात पैसे लावतात. 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षात असे मतदान झाले. बाजार बराच काळ अँड्र्यू कुओमोंच्या बाजूने होता, जिंकले जोहरान ममदानी. तिथे मतदार लाखांनी असतात. आपल्याकडे मतदार एकच, आणि तोही मुंबई, ठाणे किंवा दिल्लीत बसलेला. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर उभे राहून तिकिटाचा भाव काढायला जास्त अभ्यास लागतो.

आधी भावाची रीत समजून घ्यावी. 25 पैसे भाव म्हणजे रुपया लावला तर वर 25 पैसेच सुटणार. तिकीट मिळण्याची शक्यता शंभरात ऐंशी. चार रुपये भाव म्हणजे शंभरात वीस. जो स्वस्त, तो पक्का. हे इच्छुकाला समजावण्याच्या फंदात पडू नये. आपला भाव चार रुपये निघाला हे ऐकून तो पेढे वाटतो. मग सगळ्यांच्या शक्यतांची बेरीज करावी. ती शंभराच्या थोडी वर गेली, तर वरचे बुकीचे. गुलमंडीवर ती पाचशेवर जाते, कारण पाचही इच्छुकांचे कार्यकर्ते ‘साहेबांनी शब्द दिलाय’ या एकाच पुराव्यावर ठाम असतात. शब्द पाचही जणांना खरोखरच दिलेला असतो.

माणसाचा भाव काढण्याआधी जागेचा काढावा. नवशिके इथेच फसतात. 2024 च्या लोकसभा निवडणुकीवेळी भागवत कराड केंद्रात राज्यमंत्री, शहराचे माजी महापौर. त्यांचा भाव काढत बसलेल्यांनी जागा भाजपला सुटते का, हेच पाहिले नाही. ती शिंदेंच्या शिवसेनेला सुटली आणि उमेदवार झाले पैठणचे संदिपान भुमरे. ठाकरेंच्या बाजूला जागेचा प्रश्न नव्हता, माणसांचा होता: चंद्रकांत खैरे की अंबादास दानवे? तिकीट खैरेंना मिळाले. निकालात भुमरे 1,34,650 मतांनी निवडून आले, खैरे तिसरे.

आता खुणा. सुपारी हनुमानापासून पैठणगेटपर्यंत चालत जावे आणि फ्लेक्स मोजावेत. ‘भावी खासदार’ असा फ्लेक्स दिसला की त्या माणसाचा भाव लगेच वाढवावा. ज्याला तिकीट मिळणार असते तो पैसा प्रचारासाठी राखून ठेवतो. ‘पक्ष देईल तो आदेश मान्य’ म्हणणाऱ्याला आदेश कळलेला असतो. ‘मी नाराज नाही’ म्हणणारा यादीतून गेला. ‘मी इच्छुकच नाही’ असे तीनदा सांगणाऱ्याचा भाव मात्र 25 पैशांवर आणावा. मुंबईला कोण गेले याला महत्त्व देऊ नये, सगळेच जातात. देवगिरी एक्स्प्रेसने परतल्यावर फोन कुणी बंद ठेवला, ते पाहावे.

मतदान घेतले तर भाव खरे ठरतील, असे काही भाबडे म्हणतात. काँग्रेसने 2014 मध्ये तोही प्रयोग केला. महाराष्ट्रात लातूर आणि वर्ध्यात कार्यकर्त्यांच्या मतांनी उमेदवार निवडले; दोघेही पडले. बडोद्यात नरेंद्र रावत मतदानाने निवडले गेले, पण समोर मोदी उभे राहताच त्यांच्या जागी मधुसूदन मिस्त्री आले. फलोदीच्या सट्टाबाजाराचा दाखला देणाऱ्याशीही वाद घालू नये. 2024 मध्ये तिथे भाजपला तीनशेच्या वर जागा धरत होते. मिळाल्या 240, एवढेच सांगावे.

ज्याला तिकीट मिळाले नाही किंवा ज्याने मागितलेच नाही, त्याचाही भाव ठेवावा. 2019 मध्ये शिवसेना सोडून आलेले हर्षवर्धन जाधव ट्रॅक्टर चिन्ह घेऊन अपक्ष उभे राहिले आणि 2,83,798 मते घेऊन गेले. त्याच निवडणुकीत सलग चार वेळा निवडून आलेले खैरे इम्तियाज जलील यांच्याकडून हरले ते 4,492 मतांनी.

पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोहोचावा लागतो. तोवर पैज चहाच्या पुढे नेऊ नये. 1887 चा जुगारबंदी कायदा अजून लागू आहे, आणि 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. म्हणजे जिंकलात तरी पैसे कोर्टातून वसूल होणार नाहीत. चहा तेवढा आधीच पिऊन घ्यावा.