चारही चाकं ओढतील, थांबवणार कोण?

ऑक्टोबर संपत आला की टोरांटोच्या आसपासच्या मराठी घरांत एक संवाद हमखास होतो. "यंदा विंटर टायर घालायचे का गं?" "कशाला? आपली ऑल-व्हील ड्राइव्ह आहे ना!" झालं, विषय मिटला. पुण्याहून बाबाही फोनवर हेच सांगतात, "मोठी गाडी घे, चारही चाकं ओढणारी घे, म्हणजे आम्हाला घोर नको." पोरगं ऐकतं. महागडी गाडी घेतं, दर महिन्याला हप्ता भरतं आणि कारखान्यातून आलेल्या ऑल-सीझन टायरवर जानेवारी काढतं.

मंडळी, हा विषय असा मिटवू नका. ते उत्तर चुकीचं आहे, आणि त्या गाडीच्या मागच्या सीटवर तुमची मुलं बसलेली असतात.

ऑल-व्हील ड्राइव्ह नेमकं काय करते? इंजिनची ताकद दोन चाकांऐवजी चार चाकांना वाटून देते. घरासमोर फूटभर बर्फ साचला असेल, गाडी चढावर उभी असेल, तर ती शहाण्यासारखी निघते. हे श्रेय तिचंच. पण तिचं काम तिथेच संपतं. ब्रेक साध्यातल्या साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबताना प्रत्येक गाडी चार चाकांनीच थांबते. तिथे तुमच्या जादा पैशांचा काडीचा उपयोग नाही. वळताना आणि थांबताना रस्त्याला धरतो तो टायर. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये असतात फक्त रबराचे चार तुकडे, प्रत्येकी साधारण तळहाताएवढे. शेवाळलेल्या फरशीवर घसरणाऱ्या माणसाला दणकट पाय वाचवत नाहीत, धरून ठेवणारा तळवा वाचवतो.

आता थोडं गणित, शाळेतलंच. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर किती अंतरात थांबेल हे दोनच गोष्टींवर ठरतं: वेग आणि टायर-रस्त्यातलं घर्षण. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर साधारण १२ मीटर. दाबून बसलेल्या बर्फावर चांगल्या टायरने ०.३ मिळाला तर ३३ मीटर. टायर कडक पडल्यामुळे तोच ०.२ वर आला तर ४९ मीटर. म्हणजे बर्फावर चांगल्या टायरची गाडी जिथे पूर्ण उभी राहिली, त्या जागेवरून कडक टायरची गाडी ताशी सुमारे २९ किलोमीटरने पुढे जात असते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला या वेगाची धडक आयुष्यभराचं अपंगत्व देऊ शकते. या समीकरणात गाडीचं वजन येत नाही, ते दोन्ही बाजूंनी कटतं. "मोठी गाडी म्हणजे सुरक्षित" हे ब्रेकच्या बाबतीत तिथेच निकालात निघतं. आणि किती चाकं ओढतात याला तर त्या समीकरणात जागाच नाही.

"पण एबीएस आहे ना?" आहे. ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग हातात राहावं म्हणून चाकं जाम होऊ न देणं हे त्याचं काम. घसरती गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही आहे. दोन्ही उत्तम. पण असलेली पकड जपून वापरणं एवढंच त्यांच्या हातात आहे. नसलेली पकड ती कुठून आणणार?

खरा धोका याहून खोल आहे. फक्त पुढची चाकं ओढणारी गाडी सिग्नलवरून निघताना बर्फावर जागच्या जागी फिरते, चालक सावध होतो, पुढचा किलोमीटर हळू जातो. ऑल-व्हील ड्राइव्ह हा इशाराच गिळून टाकते. गाडी झटकन निघते, रस्ता ठीक आहे असं वाटतं, वेग चढतो. रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला पहिल्यांदा कळतं ते ब्रेक दाबल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. वादळानंतर महामार्गालगतच्या खड्ड्यात रुतलेल्या गाड्या नीट पाहा. ऑल-व्हील ड्राइव्हवाल्या त्यात काही कमी नसतात.

आता टायरकडे या. ऑल-सीझन टायरचं रबर उन्हाळ्यात लवकर झिजू नये, तापल्या डांबरावर मऊ पडू नये, अशा बेताने बनवलेलं असतं. थंडी वाढली की ते ताठ होतं. साधारण ७ अंश सेल्सिअस ही सीमा टायरवाले मानतात. त्याखाली त्याची पकड कमी कमी होत जाते, रस्ता कोरडा असला तरी. विंटर टायरचं मिश्रणच निराळं. उणे १५ लाही ते लवचीक राहतं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून धरतं. दुकानात दोन्ही टायर शेजारी ठेवायला सांगा आणि ट्रेडच्या ठोकळ्यांवर अंगठा दाबा. विंटर टायरचा ठोकळा अंगठ्याखाली हलतो. जवळून पाहिलं तर प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा दिसतील, डझनावारी. टायर रस्त्याला टेकतो तेव्हा त्या चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. मधल्या खोल खाचांत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फ बर्फाला चिकटतो, तेही पकडीच्याच कामी येतं.

मग कडेवर लिहिलेलं वाचा. बहुतेक ऑल-सीझन टायरांवर "एम+एस" असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. ग्राहक ते वाचून निर्धास्त होतो. ही अक्षरं केवळ खाचांच्या रचनेवरून मिळतात. त्यासाठी टायरला बर्फावर एकदाही चालवून दाखवावं लागत नाही. चाचणी देऊन मिळणारी खूण वेगळी आहे: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ती १९९९ मध्ये आली. अमेरिकेत आणि कॅनडात ती मिळवायला दाबलेल्या बर्फावर ठरावीक संदर्भ टायरपेक्षा निदान १० टक्के जास्त ओढ दाखवावी लागते. पण तीही ओढीचीच परीक्षा आहे, थांबण्याची नाही, आणि गोठलेल्या पाण्याच्या थरावरची तर नाहीच. म्हणून ही खूण म्हणजे किमान पात्रता, त्यापुढची हमी नव्हे. युरोपने २०२१ पासून टायरच्या लेबलवर भुसभुशीत बर्फासाठी आणि गोठलेल्या थरासाठी अशी दोन वेगळी चिन्हं ठेवली. ग्राहकाला शहाणं करायची ही रीत. उत्तर अमेरिकेने ती उचलायला हवी.

कायद्याचंही पाहा. क्यूबेकने २००८ पासून विंटर टायर सक्तीचे केले. आता १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर नसतील तर किमान २०० डॉलर दंड. गाडी दोन चाकांनी ओढते की चार, हे कायदा विचारतही नाही. बरोबर करतो. शेजारच्या ऑन्टारिओत सक्ती नाही. २०१६ पासून विमा कंपन्यांनी विंटर टायरवाल्यांना हप्त्यात सूट द्यायची, एवढंच. म्हणजे टोरांटोहून ४०१ महामार्गाने मॉन्ट्रियलकडे निघालात तर बर्फ तोच, थंडी तीच, प्रांताची हद्द ओलांडली की नियम बदलतो. आणि क्यूबेकचा नियम तिथे नोंदवलेल्या गाड्यांना लागू आहे, म्हणून ऑन्टारिओच्या नंबरप्लेटची गाडी ऑल-सीझन टायरवर तिथे खुशाल फिरते. जर्मनीने १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं "एम+एस" लिहिलेले टायर हिवाळी रस्त्यासाठी बाद केले, डोंगर-हिमकणाची खूण हवीच. ऑन्टारिओच्या सरकारला माझं सांगणं आहे, सूट पुरे झाली, सक्ती करा.

आता पैशांची तक्रार. "चार टायर, वर रिम, वर्षातून दोनदा बदली, कोण करणार?" खर्च आहे, नाकारत नाही. पण हिशेब पुरा मांडा. विंटर टायर चालतात तेव्हा ऑल-सीझन गॅरेजमध्ये पडून असतात, त्यांची झीज थांबते. दोन संच मिळून जवळजवळ दुप्पट वर्षं जातात. खरा जादा खर्च रिमचा आणि मजुरीचा. ठेवायला जागा नसेल तर अनेक दुकानं हंगामभर टायर सांभाळून देतात. विम्याची सूट मिळते ती वेगळीच. गाडी घेताना ऑल-व्हील ड्राइव्हसाठी, सनरूफसाठी, मोठ्या पडद्यासाठी हजारो डॉलर मोजताना हात आखडला नाही. मग जो भाग खरोखर रस्त्याला टेकतो, तिथेच काटकसर का?

अर्धवट उपाय तर नकोतच. "दोनच घालतो, पुढे" हा त्यातला सर्वांत वाईट. पुढचे टायर धरतात, मागचे सुटतात आणि वळणावर गाडी गरकन फिरते. त्यात ऑल-व्हील ड्राइव्हला चारही टायर सारख्या मापाचे, सारख्या झिजेचे लागतात. सुबारू चारही टायरच्या घेरात पाव इंचाहून जास्त फरक चालवून घेत नाही. फरक पडला की आतली यंत्रणा सतत झगडत राहते, तापते, आणि तो दुरुस्तीखर्च टायरच्या कैक पट असतो. घालायचे तर चार, एकाच प्रकारचे.

झिजलेल्या विंटर टायरवरही भिस्त ठेवू नका. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलीमीटर असते. ४ च्या खाली गेली की बर्फात तो टायर थकला असं समजा. ऑस्ट्रियात तर त्याखालचा टायर हिवाळ्यासाठी धरतच नाहीत. वय पाहायचं तर कडेवरच्या डीओटी अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५२३ म्हणजे २०२३ च्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. आणि हवा! तापमान साडेपाच अंश उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने घटते. सप्टेंबरातल्या २० अंशांत भरलेला टायर जानेवारीत उणे १५ ला सहा पीएसआयने बसलेला असतो. महिन्यातून एकदा तपासा, सकाळी, गाडी हलवण्याआधी. एप्रिल उजाडला की विंटर टायर काढाही. उन्हात ते मऊ पडतात, भराभर झिजतात आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला जास्त अंतर घेतात.

मधला मार्ग आहे का? आहे. ऑल-वेदर टायर. ऑल-सीझन आणि ऑल-वेदर यांची गल्लत दुकानदारही करतात, तुम्ही करू नका. ऑल-वेदर टायर वर्षभर गाडीवर राहतो आणि त्याच्या कडेवर डोंगर-हिमकणाची खूण असते. मिशलिनचा क्रॉसक्लायमेट, नोकियनचा डब्ल्यूआर ही त्यातली नावाजलेली घराणी. बर्फात ते साध्या ऑल-सीझनपेक्षा बरेच सरस, गोठलेल्या रस्त्यावर मात्र खऱ्या विंटर टायरच्या मागे.

तर माझा निवाडा असा. विनिपेग, एडमंटन, कॅलगरी, ऑटवा, मॉन्ट्रियल, मिनियापोलिस, बफेलो इथे राहत असाल तर विंटर टायर, चार, दर वर्षी. ऑल-व्हील ड्राइव्ह आहे म्हणून सूट नाही. टोरांटो किंवा न्यू जर्सीत राहता, बर्फाच्या दिवशी घरून काम करता येतं, तर ऑल-वेदर चालतील. पण रोज पहाटे महामार्ग गाठावा लागत असेल, रात्रपाळी असेल, तर तुम्हालाही विंटरच. ह्यूस्टनला ऑल-सीझन पुरेत. बे एरियातही पुरेत, मात्र नाताळात ताहोच्या बर्फात जाताना डिकीत टायरला लावायच्या चेन ठेवा. घाटात चेनचा नियम लागू झाला की कॅलिफोर्नियात ऑल-व्हील ड्राइव्हवाल्यालाही त्या जवळ बाळगाव्या लागतात.

चारही चाकं ओढणारी गाडी असली की टायरचं पाहायला नको, हा भ्रम आता भारतातही शिरलाय. हिवाळ्यात मनालीच्या वर बर्फ पडला की पोलीस फक्त फोर बाय फोर गाड्या पुढे सोडतात. पुण्या-मुंबईहून नवी एसयूव्ही घेऊन गेलेल्यांना तो मानाचा पास वाटतो. तो फक्त चढण्याचा परवाना आहे. त्याच रस्त्याने उतरायचंही असतं, आणि गाडीखाली असतात महाराष्ट्राच्या उन्हासाठी बनवलेले टायर. चेन भाड्याने घ्या, लावायला शिकून घ्या, नाहीतर बर्फाच्या रस्त्याची सवय असलेल्या तिथल्या चालकाची गाडी करा. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी एक विनंती. पहिला बर्फ पडला की सगळं शहर एकाच दिवशी टायरच्या दुकानात धावतं आणि तीन-तीन आठवडे नंबर लागत नाही. बर्फ तेवढे दिवस थांबत नाही. म्हणून या आठवड्यातच फोन करा, वेळ घ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून आपली माणसं अंधारात, उणे तापमानात, भरल्या गाडीने घरी परतणार आहेत. त्यांच्या गाडीखाली योग्य टायर असू द्या.