ना गाडी आपली, ना माल

मालवाहतुकीच्या दलालीत उतरतोय म्हटल्यावर आईने विचारलं, "गाड्या किती घेतल्यास?" एकही नाही. "मग विकणार काय?" काहीच नाही. ती म्हणाली, "म्हणजे नुसतं बोलायचंच आहे. ते तुला जमेल."

जमलं नाही लगेच. कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ भाड्याचं टेबल घेतलं आणि एका जुन्या मुनशींना गुरू केलं. त्यांचा पहिला धडा : दोन फोन एकदम कानाला लावायचे नाहीत. कारण एका फोनवर कारखान्याला सांगायचं असतं, "साहेब, मार्केटला गाडीच नाही," आणि दुसऱ्यावर गाडीवाल्याला, "शेठ, मालच नाही." दोन्ही भावांच्या मधे जे उरतं, ती आपली दलाली.

सगळा खेळ परतीच्या भाड्यावर. तमिळनाडूतल्या नामक्कलची गाडी इथे माल उतरवून मोकळी झाली की तिला घरची ओढ लागते. रिकामी गेली तर डिझेल मालकाच्या अंगावर. ती घाई ओळखायची. आपली मात्र कुणाला कळू द्यायची नाही. भाव ठरला की वराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कुणी द्यायची यावर नवा तंटा. तोही मिटला की ड्रायव्हर अ‍ॅडव्हान्स मागतो, तोही आत्ताच. पार्टी पैसे देणार पुढच्या महिन्यात. मधला महिना कुणी भरायचा, हे मुनशींनी धंद्यात शिरल्यावर सांगितलं!

मग रोजचा प्रश्न, "गाडी कुठे पोहोचली?" पूर्वी "घाटात आहे, रेंज नाही" एवढ्यावर अर्धा दिवस निघायचा. आता जीपीएसवर पार्टीला गाडी ढाब्याशी उभी दिसते. शिवाय मालासोबतच्या ई-वे बिलाला मुदत म्हणून दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. २०२१ च्या आधी १०० किलोमीटरला मिळायचा. ड्रायव्हरच्या मेव्हण्याच्या हळदीला किती दिवस, हे सरकारने दोन्ही वेळा धरलेलं नाही.

तरीही या धंद्यात यायचंच असेल, तर भर पावसाळ्यात येऊ नका, मार्केट थंड असतं. दिवाळीच्या तोंडावर या. ड्रायव्हर गावी जातात, गाड्या मिळत नाहीत आणि भाव चढतात. आणि पोहोच पावतीवरचा शिक्का नीट वाचता येतोय ना, ते आधी बघा. पुसट शिक्क्यावर भाड्याचा बॅलन्स अडवणं पार्टीला फार आवडतं.