आधीच्या ड्रायव्हरचा डावा पाय

जुन्या पिकअपच्या बाजारात कष्टाला गेलेली एकही गाडी विकायला नसते. हौद आतून चेपलेला असतो, मागचे पाटे सपाट झालेले असतात, पण विक्रेत्याला विचारा, गाडीने जन्मभर फुलंच वाहिलेली असतात. वाळू, खडी आणि विटा वाहणाऱ्या गाड्या शेवटी जातात कुठे, याचा पत्ता मला अजून लागलेला नाही. महाराष्ट्रात इतक्या गाड्या भरतील एवढा झेंडू पिकत असता, तर दसऱ्याला तो पावकिलोने घ्यायची वेळ आली नसती.

आमच्या रोपवाटिकेसाठी घेतलेली पिकअपही फुलांचीच होती. हौदाच्या फळीखाली मूठभर खडी सापडली, तेव्हा विक्रेता जराही न डगमगता म्हणाला, "कुंडीतली असंल." कागदपत्रं चोख होती, टायर बरे होते, रंग तर इतका ताजा होता की टेकून उभं राहायची भीती वाटावी. क्लचबद्दल तो एवढंच बोलला, "जरा वरनं उचलतोय. सवय झाली की कळत बी न्हाई." यातलं अक्षरही खोटं नव्हतं. फक्त आम्हाला सवय होण्याआधी क्लच संपला.

विक्रेत्यांचं क्लचवर प्रेम असतं ते उगाच नाही. टायर दिसतात, गंज दिसतो, धूर दिसतो. क्लच मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे, ओतीव कवचाच्या आत बसलेला असतो. त्याला बघायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि सौदा ठरवताना कुणी गिअरबॉक्स उतरवत नाही.

गुहागरकडून आंब्याची आणि काजूची कलमं भरून येत होतो. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाटाचा चढ लागला आणि इंजिनाचा आवाज चढत गेला. गाडी मात्र चढायचं नाव घेईना. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन गरजायचं, वेगाचा काटा जागचा हलायचा नाही. पाठोपाठ जळका वास सुटला.

"कुणीतरी कचरा पेटवलाय," मी म्हणालो.

दोन वळणं गेली. सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "अहो, तो कचरा आपल्याबरोबर येतोय."

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभं राहिलं की महाराष्ट्रात सल्ल्याची टंचाई पडत नाही. एकाने रेडिएटरवर पाणी मारायला सांगितलं, दुसऱ्याने डिझेलमध्ये भेसळ ओळखली. तिसऱ्याने गाडीला काहीच झालेलं नाही असं सांगून चाकापुढे नारळ फोडायला सांगितला. नारळाची चार रोपं हौदात होती, फोडण्याजोगा एकही नव्हता. शेवटी गाडी निवल्यावर, पहिल्या गिअरमध्ये, सायकलवाल्यांना वाट देत आम्ही हेळवाक गाठलं.

वासाबरोबर एक आवाजही होता. क्लच दाबला की समोरून किरकिर यायची. आवाजाचं मूळ शोधायला मी डॅशबोर्डवर कान लावला, दार उघडझाप करून पाहिलं, सीटखालची टॉमी बाहेर काढून ठेवली. निदान सौभाग्यवतींनी केलं. "तुम्ही पाय ठेवला की रडते, काढला की गप्प बसते. तुमच्या पायाचंच काहीतरी आहे."

कराडला मेस्त्रींनी हे ऐकलं आणि पाना खाली ठेवला. "वहिनी बरोबर बोलल्या. क्लच दाबल्यावर आवाज येतो तो रिलीज बेअरिंगचा. न दाबता येत असता आणि दाबल्यावर थांबला असता, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग गेलं म्हणायचं." मग त्यांनी हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. "आता इंजिन मरायला पाहिजे," ते म्हणाले. आमची गाडी एरवी कोल्हापूर नाक्यावर, मागे एसटी हॉर्न देत असताना, कुणी न सांगता बंद पडायची. आज सगळे वाट बघत होते, तर ती खुशाल चालू राहिली. मेस्त्रींनी चावी फिरवून तिला बंद केलं. "प्लेट संपली."

हे यंत्र त्यांनी मला गॅरेजातलं फडकं घेऊन समजावलं. डावा तळवा म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं फ्लायव्हील. उजवा तळवा म्हणजे प्रेशर प्लेट. मधलं फडकं ही क्लच प्लेट, ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेली. दोन तळवे दाबले की फडकं दोघांबरोबर फिरतं आणि इंजिनाची ताकद चाकाकडे जाते. दाब ढिला झाला की फडकं मोकळं. हा दाब देते डायफ्रॅम स्प्रिंग. तिची पोलादी बोटं मधोमध एका वर्तुळात येतात. आपण पेडल दाबतो तेव्हा फोर्क पुढे सरतो, फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो आणि बेअरिंग त्या बोटांवर टेकतं.

रिलीज बेअरिंगची मला तिथेच कणव आली. साहेब आपल्या जागी फिरतोय, फाइल आपल्या जागी बसलीय, आणि दोघांच्या मधे धावणाऱ्या शिपायाचं नाव कुठल्याच पाटीवर नाही, तसं त्याचं आहे. इंजिन जागेवर मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. दीड मिनिटाचा सिग्नल क्लच दाबून काढला, की या बिचाऱ्याचे १,२०० फेरे होतात, तेही अंगावर स्प्रिंगचा सगळा भार घेऊन. गिअर न्यूट्रल करून पाय काढला असता तर तो भार उतरला असता. जुन्या इंग्रजी मोटारींत बेअरिंगच्या जागी कार्बनचं कडं असायचं. ते घासून घासून संपायचं, पण कुरकुर करायचं नाही. सुधारणा झाली ती ही, की आता तक्रार ऐकू येते.

"मग नुसतं बेअरिंग बदलू या?" मी आशेने विचारलं. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत अशी आशा घेऊन आलेली सगळी गिऱ्हाइकं होती.

"बेअरिंग बसवायला पाच मिनिटं. त्याच्यापर्यंत पोचायला दिवस. तिथवर जाऊन तुम्ही जळकी प्लेट बघणार आणि नमस्कार करून परत येणार?"

असा आमचा पूर्ण सेट ठरला : क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. मग, आता खोललंच आहे तर, फ्लायव्हीलच्या पोटातलं छोटं पायलट बेअरिंग. आता खोललंच आहे तर, इंजिनाचं मागचं ऑइल सील, कारण ते गळलं तर नव्या प्लेटला तेल लागून पुन्हा पहिले पाढे. 'आता खोललंच आहे तर' या चार शब्दांवर सबंध महाराष्ट्रातली गॅरेजं चालली आहेत. वाईट याचं वाटतं, की मेस्त्रींचं म्हणणं खरं असतं.

काम सुरू झालं. बॅटरीची वायर काढली, गिअर ऑइल एका कापलेल्या कॅनमध्ये सोडलं. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी मेस्त्रींच्या हाताखालच्या पोराने दोन्ही जोडांवर छिन्नीने खूण केली. शाफ्ट होता तसाच बसला नाही तर पुढे गाडी थरथरते. स्टार्टर निघाला, क्लचचा छोटा सिलिंडर पाइपसकट बाजूला बांधला, खालचा आडवा पट्टा सुटला. राहिले गिअरबॉक्सच्या कवचाचे बोल्ट. त्यातला सगळ्यात वरचा जगात कुणाला दिसत नाही. तो बोटांनी शोधायचा असतो. पोरगं गाडीखाली उताणं पडून, एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून, बराच वेळ त्याच्या मागावर होतं. अखेर खालून आवाज आला, "मेस्त्री, हितं बोल्टच न्हाई."

आधीच्या गॅरेजने तो लावलाच नव्हता. या शोधाने मेस्त्रींना मनापासून आनंद झाला. दुसऱ्या मेस्त्रीचा राहिलेला बोल्ट सापडणं हा या धंद्यातला बोनस आहे.

गिअरबॉक्स मागे सरकला आणि आमच्या फुलवाहू गाडीचं चरित्र बाहेर आलं. कवचात काळी पूड साचली होती. पोरगं एअरची नळी घेऊन धावलं, त्याला मेस्त्रींनी तिथेच थांबवलं. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं, ही पूड छातीत घ्यायची नसते, ओल्या फडक्याने पुसायची. प्लेटवर अस्तर नावापुरतं होतं. रिव्हेटचं डोकं अस्तराच्या पृष्ठभागापासून निदान ०.३ मिलिमीटर आत हवं. आमची डोकी बाहेर येऊन फ्लायव्हीलवर गोल रेघा ओढत होती. फ्लायव्हील तापून जागोजागी निळं पडलं होतं. बेअरिंग मेस्त्रींनी कानाशी धरून फिरवलं आणि माझ्या हातात दिलं. आत ग्रीसचा थेंब नव्हता.

"हे धुतलंय," ते म्हणाले. "मागच्या वेळी प्लेट नवीन टाकली आणि बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन परत घातलं. सीलबंद बेअरिंग धुवायचं नसतं. आतलं ग्रीस जन्माला पुरेल एवढंच भरलेलं असतं, ते विरघळून जातं."

मग त्यांनी सुटे भाग ओळीने मांडले आणि न पाहिलेल्या माणसाचं वर्णन केलं. बोटांची टोकं इतकी चकचकीत, म्हणजे ड्रायव्हर पाय कायम पेडलवर ठेवणारा. फ्लायव्हील निळं, म्हणजे चढावर ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरणारा. माल जास्त, गिअर वरचा. "आणि पेडलचं रबर बघा, कोरं करकरीत. गाडी जुनी आणि रबर नवं, म्हणजे जुनं रबर दाखवण्यासारखं नव्हतं."

जुनी गाडी घेताना आपण इंजिन घेतो, चेसिस घेतो, आणि बिलात कुठेही न लिहिलेला आधीच्या ड्रायव्हरचा डावा पायही घेतो. त्याचे हप्ते मात्र आपण फेडायचे असतात.

सुट्या भागांच्या दुकानात मी जुनी प्लेट बगलेत मारून गेलो. एकाच मॉडेलच्या गाडीला सालागणिक वेगळी प्लेट लागते. व्यास आणि मधले दाते जुळले नाहीत तर परत फेरी. दुकानदाराने विचारलं, "ओरिजिनल देऊ, का ओरिजिनलसारखं?" दोन्ही खोके एकाच रंगाचे होते. तिसराही प्रकार होता, त्याचं नाव "चालतंय" असं होतं. कुठपर्यंत चालतंय, हे दुकानदार सांगत नाही. मी पक्क्या बिलाचा आग्रह धरला, त्याबरोबर तीन प्रकारांतले दोन आपोआप संपले.

लेथवर फ्लायव्हीलचा चेहरा साफ होऊन आला आणि जोडणी सुरू झाली. मेस्त्रींनी नव्या प्रेशर प्लेटवरचं गंज टाळणारं तेल पेट्रोलने पुसलं. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू खूण बघून लावली. ती उलटी लागली तर क्लच सुटतच नाही आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आत घालून प्लेट बरोबर मध्यावर आणली, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, दात्यांवर ग्रीसचं बोट फिरवलं. बोटच, लोंदा नाही.

गिअरबॉक्स मात्र शेवटच्या दोन बोटांवर अडला. लगेच शेजारचा पंक्चरवाला, चहावाला आणि बॅटरी चार्ज करायला आलेले एक गृहस्थ असं मंडळ जमलं. "डावीकडनं उचला." "न्हाई, शेपूट खाली घ्या." कुणी म्हणालं बोल्टने ओढून घ्या. मेस्त्री गाडीखालून गरजले, "बोल्टनं ओढला की प्लेटचा दाता मोडतो!" त्यांनी गिअर टाकून मागचा शाफ्ट हाताने किंचित फिरवला, आणि ते धूड आपण होऊन आत बसलं. वरचा बोल्ट त्यांनी पोराला न देता स्वतः लावला, आणि तो लावल्याचं मला तीनदा सांगितलं.

शेवटी "दाब, सोड" करत पाइपातली हवा काढली. पेडल हलकं झालं, किरकिर गेली. हँडब्रेक आणि तिसऱ्या गिअरची परीक्षा परत घेतली, तेव्हा इंजिन पहिल्याच झटक्याला बंद पडलं आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडी बंद पडल्याचा एवढा आनंद आमच्या घरात पूर्वी झाला नव्हता.

तुम्ही जुनी पिकअप बघायला जाल, तेव्हा तिने काय वाहिलं हे विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. पेडलचं रबर बघा, तिसऱ्या गिअरवर इंजिन मरतंय का बघा, क्लच दाबून रेडिओ बंद ठेवून ऐका. बेअरिंगपर्यंत जायचीच वेळ आली तर सगळा सेट बदला, अर्ध्या कामाची मजुरीही पूर्णच लागते. आणि गाडी घरी आणल्यावर डावा पाय पेडलच्या शेजारी, खाली ठेवा. त्या जागेचं भाडं पडत नाही.